वाळवणाच्या दिवसांत उजवा हात

एप्रिल लागला की आमच्या बिल्डिंगच्या गच्चीचं कुलूप निघतं. एरवी वर्षभर ती किल्ली सेक्रेटरींच्या घरी खिळ्याला लटकलेली असते आणि मागायला गेलं की 'कशाला हवी?' म्हणून उलटतपासणी होते. वाळवणाचे दिवस आले की मात्र सेक्रेटरींच्या मिसेस, चौथ्या मजल्यावरच्या पालवबाई, स्वतःच किल्ली कमरेला खोचून उजाडताच वर जातात. मग जिन्यातून प्लॅस्टिकच्या गुंडाळ्या, जुन्या साड्या, सोऱ्या, पोळपाट, पातेली अशी वरात निघते. आमच्या भाईंदर पूर्वेला इमारती एवढ्या चिकटून आहेत की खिडकीतून हात बाहेर काढला तर समोरच्याच्या ग्रिलला लागतो. त्यामुळे आम्हा बायकांना ऊन मिळतं ते गच्चीवर, आणि तेही परवानगीनं.

यंदाही कुलूप निघालंय. परवा सकाळी गव्हाच्या चिकाचा आंबूस वास आमच्या दाराच्या फटीतून आत आला. पाठोपाठ हिंग आला, पापडखार आला, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आला आणि मिठागरांकडून येणारं ते खारट, चिकट वारं आलं, जे पापडांना धड वाळू देत नाही आणि माणसांनाही. लोकांना म्हणे या वासानं आजोळ आठवतं. मला माझा उजवा हात आठवतो. म्हणजे तो आहे अजून, कुठे गेलेला नाही. खांद्याला लटकलेला आहे, कोपरात दुमडलेला, मूठ घट्ट मिटलेली, अंगठा आत. घरी नवीन माणूस आलं तर त्याला वाटतं, बाईनं मुठीत काहीतरी धरून ठेवलंय. काही धरलेलं नाही. नखं तेवढी तळव्यात रुततात.

प्राजक्ता, माझी सून, रोज सकाळी ती मूठ उघडते. एकेक बोट सोडवते, शेवटी अंगठा. आतून दमट, कोंदट वास येतो. ती ओल्या फडक्यानं तळवा पुसते, कोरडा करते, पावडर लावते आणि छोट्या नॅपकिनची गुंडाळी मुठीत देते. कपाळाला आठी नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे बोलणार आहे त्यावरून कुणाला वाटायला नको की सून वाईट आहे. सून चांगली आहे, सगळी बिल्डिंग सांगेल. सध्या ती माहेरी, माणगावला आहे, तिच्या आईचं दुखणं निघालंय म्हणून. तेव्हा मूठ उघडायचं काम माझ्या मुलाकडे, नितीनकडे आलंय. मला दुखेल म्हणून तो घाबरत घाबरत अर्धीच उघडतो, आणि उरलेल्या अर्ध्या मुठीतला घाम आतच राहतो.

'त्या वर्षी' एवढंच म्हटलं की आमच्या घरात सगळ्यांना कळतं, कुठल्या वर्षी. थंडी नुकती संपत होती. मी ओट्याशी उभी राहून घावन घालत होते. वाटी उजव्या हातातून सुटली, पिठाचा ओघळ गॅसवरून खाली आला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं, तर आता हे पुसायचं कोण. पुसायला वाकले ती वाकूनच राहिले. मग हॉस्पिटल, त्या सगळ्या तपासण्या, त्या सगळ्या नळ्या. पाय लवकर परत आला, थोडा ओढत, पण आला. तोंड सरळ झालं. जीभ जड राहिली. वाक्य सुरू व्हायचं, पण पूर्ण व्हायला एवढा वेळ लागायचा की ऐकणारं माणूस तोवर 'हो हो' करून आपल्या कामाला लागलेलं असायचं. आणि हात आलाच नाही. डॉक्टर म्हणाले, पहिल्या काही महिन्यांत जेवढा येईल तेवढा येईल, पुढे कठीण होत जातं. हे मी नीट ऐकलं. डोकं माझं जागेवर होतं. त्या महिन्यांत मला माझा हात परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

आणि साधासुधा हात नव्हता तो. या बिल्डिंगमध्ये माझ्या उजव्या हाताला नाव होतं. आमच्या बायकांची पद्धत अशी, की आज एकीचे उडदाचे पापड तर उद्या दुसरीचे. जिचे असतील तिनं डाळीचं पीठ आणायचं, बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन यायचं. पण पीठ कुणाचंही असो, भिजवायचे मी. खार किती, मीठ किती, हे पाण्याचा थेंब जिभेवर ठेवून मी सांगायचे. मग तेलाचा हात लावून तो घट्ट गोळा वरवंट्यानं कुटायचा, दुमडायचा, परत कुटायचा. ताणला की लांबायला हवा, तुटायला नको. त्या कुटण्यानं दंडाला जी कळ लागायची, ती मला आवडायची. तिसऱ्या मजल्यावरच्या हंसाबेन, त्यांचे तांदळाचे खिचिये पापड एकदम फर्मास, पण उडदाच्या वाटेला जात नाहीत. त्या म्हणायच्या, "भाभी, आप के हाथ में मशीन है." गुजराती बाईनं मराठी बाईच्या पापडाला नावाजायचं, यापुढे आणखी काय सर्टिफिकेट हवं.

मीरा रोडहून शबनम यायची. फिजिओथेरपी शिकलेली पोरगी, स्कूटीवरून यायची, पाठीला सॅक. सॅकमध्ये कपड्यांचे चिमटे, प्लॅस्टिकचे ग्लास, स्पंजचा बोळा आणि एका डबीत मुठीत दाबायची हिरवी, रबरासारखी पुट्टी. टेबलावर टॉवेल टाकायची, त्यावर माझा उजवा हात ठेवायची आणि म्हणायची, "आंटी, टेबल पोंछो." जिचा जन्म ओटा पुसण्यात गेला तिला पुसायला काय शिकवायचं? पण टॉवेल हलायचा नाही. खांदा वर जायचा, मान वाकडी व्हायची, दात आवळले जायचे, आणि टॉवेल होता तिथेच. तांदळाच्या वाटीतून राजमा वेचायचा. दोरीला चिमटे लावायचे. डाव्या हाताला सारखं मध्ये पडायची खोड, म्हणून त्याला ती ओव्हनचा जाड मोजा चढवायची. आमच्याकडे ओव्हन नाही, नितीनच्या लग्नात कुणीतरी तो मोजा दिला होता. तो घालून बसल्यावर नाकाला हमखास खाज यायची. "राइट से खुजाओ," शबनम म्हणायची. मनातल्या मनात मी तिला काय काय म्हणायचे, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोकांना वाटतं व्यायाम म्हणजे अंगाला कष्ट. अंगाचं काही नाही हो. जो हात न सांगता वेणी घालायचा, सुईत दोरा ओवायचा, झोपेत पांघरूण ओढायचा, त्याला तासभर विनवण्या करायच्या आणि त्यानं ढिम्म हलायचं नाही, हा अपमान आहे. आपल्याच हातानं केलेला अपमान. मी पुट्टीकडे बघत बसायचे आणि मला रडू यायचं. शबनम रडू द्यायची. रडून झालं की डबी परत पुढे सरकवायची.

तर त्या वर्षीही एप्रिल आलाच. पापड या खेपेला नकोच असं सगळ्यांचं मत होतं, पण प्राजक्ता हट्टाला पेटली. मी बसल्या जागेवरून अडखळत सांगत होते आणि ती पीठ भिजवत होती. थोडं पातळ झालं, मग सावरलं. ते झाकून ठेवलं होतं तेवढ्यात शबनम आली. तिनं गोळा बोटानं दाबून पाहिला, मग आपली हिरवी पुट्टी दाबून पाहिली आणि हसायला लागली. "आंटी, ये तो मेरे वाले से अच्छा है. इसमें आप की जान भी है. यही करो ना रोज, ऊपर सब के साथ बैठ के." प्राजक्ता लगेच म्हणाली, "आई, चला." मला दोघींनी दोन बाजूंनी धरलं आणि आम्ही गच्चीवर गेलो.

उडदाचे पापड कडक उन्हात घालत नाहीत, तडकतात. म्हणून बैठक असते पाण्याच्या टाकीच्या सावलीत. खाली बायकांचा गोल, मधोमध परात, आणि कडेला माझी प्लॅस्टिकची खुर्ची, पुढ्यात स्टूल. शबनमनं माझ्या उजव्या हाताखाली गोळा ठेवला. मी दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. घाम डोळ्यांत उतरला. गोळ्यावर बोटांचे ठसे उमटले, उथळ, पण उमटले. अंगठ्याचा मात्र नाही.

"आएगा," शबनम म्हणाली. "पहले अंगूठे को बुलाओ आंटी. वो आ गया तो बाकी पीछे पीछे आते हैं."

मग रोज सकाळी प्राजक्ता मला वर न्यायची. तिनं तेव्हा नोकरीतून रजा काढलेली होती. पापडाच्या लाट्या सुरीनं पाडत नाहीत, दोऱ्यानं पाडतात. पिठाची लांब वळी करायची, दोऱ्याचा वेढा घालायचा आणि दोन्ही टोकं विरुद्ध बाजूंना ओढायची, की लाटी अलगद कापली जाते. याला दोन हात लागतात. डाव्या हातात मी एक टोक धरायचे, आणि दुसरं टोक प्राजक्ता माझ्या उजव्या मनगटाला बांधायची. ओढताना अख्खा दंड खेचायला लागायचा, लाट्या वाकड्यातिकड्या पडायच्या. बायका म्हणायच्या, असू दे वहिनी, लाटताना होईल सारखी. नंतर टोक मनगटावरून तळव्यावर आलं. मग एक दिवस काय झालं, दोऱ्याची गाठ सुटली. प्राजक्ता दुसरीकडे बघत होती. मी नेहमीसारखा दोरा ओढला, लाटी पडली, आणि मग बघते तर दोरा बांधलेलाच नाही. अंगठ्यानं धरलेला आहे. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यात, चिमटीत.

मी तशीच बसून राहिले, हललं तर सुटेल म्हणून. प्राजक्तानं वळून बघितलं. तिनं दुसरी वळी पुढे सरकवली. मी तीही कापली. आमच्या दोघींच्या डोळ्यांना पाणी आलं आणि दोघींनीही ते मिऱ्यांच्या पुडीवर ढकललं. इतक्या सुखात मी नितीन जन्मला तेव्हासुद्धा नव्हते. आता हात येणार, याची मला त्या दिवशी खात्री पटली होती.

कुणी तरी तेव्हा फोटो काढला होता. चांगल्याच मनानं काढला असणार. बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला, खाली 'जिद्द' असं लिहून, हात जोडलेले. आधी बदाम आले, अंगठे आले. मग कुणीतरी लिहिलं, 'घरात करणारं दुसरं कोणी नाही का?' त्यावर कुणी हसरं तोंड टाकलं. तिथून सुरू झालं. जिन्यात कुजबुज, लिफ्टमध्ये मी शिरले की गप्प. पालवबाई टाकीच्या मागे कुणाला तरी सांगत होत्या, आणि प्राजक्ता इकडे कपडे वाळत घालत होती. "त्या माउलीचा हात धड नाही, अन् हिनं पापडाला जुंपलंय तिला. विकत मिळत नाहीत काय पापड? सासू आहे म्हणून, स्वतःची आई असती तर बसवली असती का अशी उन्हातान्हात?" सावलीत बसवलं होतं, पण हे कोण सांगणार.

प्राजक्ता ते ऐकून खाली आली आणि तिनं तेव्हा मला काही सांगितलं नाही. मला कळलं ते चिपळूणहून माझ्या बहिणीचा फोन आला तेव्हा. फोटो फिरत फिरत तिथवर गेला होता. तो फोनही मला नाही, थेट नितीनला, ऑफिसात. संध्याकाळी तो घरी आला तो बूट न काढताच.

"आई, उद्यापासून गच्चीवर नाही जायचं."

मी 'का?' म्हणायला तोंड उघडलं.

"लोक काय काय बोलतायत माहितीये? मावशी मला विचारते, आईला कामाला लावलंय का. मी तोंड कुठे लपवू?"

"मा... माझा हात..." मी म्हणाले.

"होईल गं हात बरा. तू आराम कर. पापडाचं काय एवढं."

प्राजक्ता स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. हळूच म्हणाली, "शबनम म्हणते, हाताला काम दिलं तरच येईल."

"शबनमला इथे राहायचं नाहीये," नितीन म्हणाला. "आपल्याला राहायचंय."

माझ्याकडे सांगण्यासारखं खूप होतं. अंगठ्याचं सांगायचं होतं, दोऱ्याचं सांगायचं होतं. माझं वाक्य निम्म्यावर आलं तेव्हा नितीन आंघोळीला गेलेला होता. रात्री प्राजक्ता माझे पाय चेपत म्हणाली, "आई, मी जास्त ताणलं तर सगळे मलाच बोलतील. तुम्हाला नाही बोलणार कुणी." ते खरं होतं. म्हणूनच माझ्या संतापाला कुठे जाऊन बसायला जागा नव्हती.

आणि मग माझी सेवा सुरू झाली. आपल्याकडे आजारी माणसाची सेवा करून भागत नाही, ती दिसावी लागते. व्यायाम बघायला वाईट दिसतो. घामेजलेली बाई दात आवळून दोरा ओढतेय, तिचा डावा हात अडकवून ठेवलाय, तिला कुणी मदत करत नाहीये, हे बघून कुणाचं मन द्रवणार? घास भरवणं कसं गोड दिसतं. प्राजक्ता मला भात कालवून भरवायला लागली. केस विंचरून द्यायची, साडी नेसवायची, संध्याकाळी खाली गेटपाशी खुर्चीत बसवून सफरचंदाच्या फोडी तोंडात द्यायची. येणारी-जाणारी थांबायची. "किती करते हो," म्हणायची. पालवबाई तर सगळ्यांना धरून धरून सांगायला लागल्या की सून असावी तर अशी. प्राजक्ताचा चेहरा त्या दिवसांत जरा सैल झाला होता, बघून मला बरंही वाटायचं आणि तिच्या हातातली ती फोड भिरकावून द्यावीशीही वाटायची. भिरकावणार कशानं?

शबनमनं एकदा तोंड उघडलं. "भाभी, खाना आप खिलाओगे तो हाथ किस लिए आएगा? मैं तो आ के चली जाती हूँ, बाकी टाइम हाथ क्या करता है?" आमचं दार नेहमीसारखं उघडं होतं, आणि प्राजक्तानं आधी दाराकडे बघितलं. मग म्हणाली, "आई दमतात हो." मी नाही म्हणून मान हलवली. मान हलवलेली शबनमनं बघितली, पण ती बिचारी काय करणार, ती बाहेरची. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी भरायला लागलं, तिचं येणं कमी झालं, मग थांबलं. जाताना ती डबी ठेवून गेली होती. पुट्टी वाळून कडक झाली.

हात एका दिवसात गेला नाही. तो परत जाताना मला रोज दिसत होता. आधी चिमूट सुटली. मग कोपर दुमडायला लागलं, झोपेतून उठले की हात छातीशी आलेला असायचा. बोटं मिटली. ज्यानं दोरा धरला होता तो अंगठाच सगळ्यात आत गेला. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, असं होतं या आजारात. काहींचा येतो, काहींचा नाही. तेही बरोबरच असेल. काम करत राहिले असते तर तो पुरता आला असताच, असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. पण न येणाऱ्या हातासाठी रडणं वेगळं आणि आलेला हात लोकांच्या तोंडापायी परत पाठवणं वेगळं. मला हे दुसरं झालंय, आणि ते मला अजून पचलेलं नाही. कुणी म्हणालं की देवाची मर्जी, तर माझं डोकं फिरतं. देवाला कशाला मध्ये आणता, तो काय आमच्या ग्रुपवर आहे?

त्या वर्षीचे पापड दिवाळीपर्यंत पुरले. तळले की माझ्या लाट्यांचे कुठले ते ओळखू यायचे. एका कडेला जाड राहिलेले, तिथे फुलायचे नाहीत. नितीन ते चवीनं खायचा. "आई, यंदाचे मस्त झालेत," म्हणायचा. मुलगा चांगला आहे माझा, त्याला कळत नाही एवढंच.

त्यानंतरच्या प्रत्येक वाळवणात मला काम मिळालंय, राखणीचं. कबुतरं आणि कावळे हाकलायचे. दोरीवरच्या साड्यांच्या सावलीत खुर्ची, डाव्या हातात काठी. याला कुणाची हरकत नसते. बसल्या जागी विरंगुळा होतो ना आजींचा. मी काठी आपटते, कबुतरं फडफडून पलीकडच्या बिल्डिंगवर जातात, तिथली बाई हाकलते की परत येतात. समोर गोलात नव्या मुली बसतात, त्यांना पीठ कुटायचं माहीत नाही, मिक्सरमधून काढतात. पापड ठिसूळ होतात. मी सांगत नाही. सांगायला सुरुवात केली की त्या फारच गोड हसतात, लहान मूल बोलायला लागल्यावर हसतात तशा, आणि मला ते सहन होत नाही.

काल दुपारी मी अशीच बसले होते. कुरडयांची रांग उन्हात, वारा पडलेला, फरशीची धग चपलेतून तळपायाला लागत होती. मांडीवरचा फोन वाजला. प्राजक्ताचा व्हिडिओ कॉल. डाव्या हातानं काठी ठेवून तो घेईपर्यंत बंद पडला, तिनं परत लावला.

"आई, हे बघा."

माणगावच्या घराचं सारवलेलं अंगण दिसलं. आमच्या विहीणबाई खुर्चीत बसलेल्या. शिमगा झाला आणि त्यांना झटका आला, माझ्यासारखाच, आणि त्यांचाही उजवाच हात. प्राजक्ता गेली आहे ती त्यासाठीच. विहीणबाईंच्या पुढ्यात स्टूल, स्टुलावर उडदाच्या पिठाचा गोळा. डावा हात त्यांच्याच पदरानं कमरेशी बांधून टाकलेला. उजव्या हाताखाली गोळा आणि कपाळावरून घामाच्या धारा.

"सोड गं मला मेले," विहीणबाई म्हणत होत्या. त्यांची जीभ माझ्याएवढी जड नाही. "दुखतंय माझं."

"दुखू दे. दाब," प्राजक्ता म्हणाली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. मागे अंगणाच्या कडेला शेजारच्या बायका बसलेल्या दिसत होत्या, पापड लाटत.

मी विचारलं, "त्या... काही... बोलत नाहीत?"

"मला कोण बोलणार इथे?" ती पटकन म्हणाली. "माझी आई आहे."

फोन तिच्या हातात हलला, क्षणभर नुसतं आकाश दिसलं. परत चेहरा आला तेव्हा ती माझ्याकडे बघत नव्हती. मला राग येईल असं वाटलं होतं. आलाही. पण तिच्यावर कसा काढायचा, तिनं तर खरं तेच सांगितलं होतं.

एवढ्यात पालवबाई माझ्या खांद्यावरून डोकावल्या. "कोण, प्राजक्ता का?" त्यांनी चष्मा वर केला, नीट निरखून बघितलं, ती बांधलेली बाई, तो घाम. "बघा हो, किती खपतेय आईसाठी. हाताला सवय लागायला नको का? असं केलं तरच बरं होतं माणूस. पोटची मुलगीच करू जाणे."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं. त्यांना खरंच काही आठवत नव्हतं.

"आई," प्राजक्ता फोनमधून हळू आवाजात म्हणाली, "बोटं दाबतेय ती, पण अंगठा सारखा आत जातोय. काय करू?"

मला सगळं ठाऊक होतं. म्हटलं, बोटं सोड, आधी अंगठा बाहेर काढ, दोरा दे तिच्या हातात, बांधू नको, धरू दे, सुटला तरी परत दे. एवढं बोलायला मला फार वेळ लागला. ती थांबली. शेवटच्या शब्दापर्यंत थांबली, मग फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि दोरा आणायला घरात गेली. विहीणबाई मला बघून म्हणाल्या, "बघितलंत काय करते ही माझं?" मी मान डोलावली. करू द्या म्हटलं तिला, ऐका तिचं. ते मनापासून म्हटलं मी, आणि म्हणताना मला त्या बाईचा हेवा वाटत होता.

फोन बंद झाला तरी पालवबाई पदरानं डोळे पुसत उभ्याच होत्या. "नशीबवान हो तुमच्या विहीणबाई," म्हणाल्या.

"हो ना," मी म्हटलं. "त्यांना मुलगी आहे. मला चांगली सून मिळाली."

"मग, आहेच मुळी," पालवबाई समाधानानं म्हणाल्या, आणि कुरडया उलटायला गेल्या.